घेऊन जा हो, फुकट आहे!

मागच्या रविवारी सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. सोफा सेट, थ्री प्लस वन प्लस वन, मरून रंगाचा. खाली मजकूर: "गुड कंडिशन. नवीन सोफा येत असल्याने देणे आहे. फुकट. गरजूंना प्राधान्य. आज संध्याकाळी पाचपर्यंत न्यावा."

अर्ध्या तासात अकरा जणांनी हात जोडले, चौघांनी फुलं वाहिली आणि एका काकांनी समाजात अजून चांगुलपणा शिल्लक असल्याचं जाहीर केलं. सोफा न्यायला मात्र कोणीही आलं नाही.

संध्याकाळी सहाला नवा सोफा आला. जुना सोफा खाली गेला आणि वॉचमनच्या केबिनशेजारी, कचऱ्याच्या डब्यांना टेकून उभा राहिला. रात्री पाऊस झाला. सोमवारी सोसायटीतल्या भुऱ्या कुत्र्याने थ्री सीटर ताब्यात घेतला. बुधवारपासून वास यायला लागला. आज शनिवार. सोफा तिथेच आहे आणि ग्रुपवर त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. देणाऱ्याने "दिलाय", त्यामुळे तो आता त्याचा नाही. घेणारा उगवलाच नाही, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाचाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका सोफ्यावरून शनिवार सकाळ खर्च करून एवढं लिहायचं काय कारण? कारण आहे. आणि ते सांगताना मला स्वतःचीच लाज काढावी लागणार आहे. ती थोड्या वेळाने काढतो. आधी त्या मजकुराचं मराठीत भाषांतर करू.

"गुड कंडिशन" म्हणजे लांबून, संध्याकाळच्या उजेडात, फोटोत. "किरकोळ रिपेअर" म्हणजे एक पाय विटेवर आहे. "न्यावा" म्हणजे टेम्पो तुमचा, हमाल तुमचे, लिफ्टमध्ये मावला नाही तर चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचा तोही तुम्हीच, आणि भिंतीला ओरखडा आला तर सोसायटीची बोलणी पण तुम्हीच खायची. "संध्याकाळी पाचपर्यंत" म्हणजे गरज आमची आहे, तुमची नाही. आणि "गरजू"?

हा गरजू कोण आहे हे मला एकदा बघायचंय. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तो पक्का बसलाय. त्याच्याकडे काहीच नाही, पण आपला सात फुटी सोफा ठेवायला जागा मात्र आहे. त्याच्याकडे पैसे नाहीत, पण टेम्पोपुरते आहेत. त्याला आवडनिवड नाही. त्याला डाग दिसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे तो रविवारी पाचच्या आत मोकळा असतो. असा माणूस पुण्यात मी तरी पाहिलेला नाही.

असो. आता माझी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी, लग्न ठरलं तेव्हा, मी सिंहगड रोडवरच्या भाड्याच्या वन बीएचकेमधून जवळच्याच टू बीएचकेत गेलो. जुन्या घरात एक बॉक्सचा बेड होता. पाच बाय साडेसहा, खाली सामान ठेवायला कप्पे, डोक्याकडे उगाचच एक आरसा. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारात ऑनलाइन मागवला होता, हप्त्यावर. त्याच्या एका बाजूची फळी सुटायला आली होती आणि गादीत... आता सांगूनच टाकतो... गादीत ढेकूण झाले होते. आधीच्या रूममेटच्या बॅगेतून आले असावेत. दोनदा स्प्रे मारला होता. कमी झाले होते. गेले नव्हते. हे मला माहीत होतं.

नव्या घरात नवा बेड येणार होता. मग या बेडचं काय करायचं? ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिल्या दिवशी सतरा जणांनी "अव्हेलेबल?" विचारलं. मी "हो" लिहिलं की गायब. एकाने फोटो बघून "लास्ट प्राइस?" विचारलं, मी आकडा सांगितला, त्याने त्याच्या निम्मा सांगितला, मी हो म्हटलं, त्याने "टेम्पो कोण देणार?" विचारलं आणि तोही गायब. आणखी एकाने आपण लष्करात असून बदली झाल्याचं सांगितलं आणि पैसे "पाठवण्यासाठी" मलाच क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं. (तुम्हालाही कोणी सांगितलं तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही.)

भंगारवाल्याला वर बोलावलं. त्याने फळीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहेब, हा भुसा आहे. याला वजनाने पण कोणी घेत नाही. बिजागऱ्या देता का नुसत्या?"

घर सोडायला दोन दिवस उरले होते. शेवटी मी तेच केलं जे आपण सगळे करतो. आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, बेड हवाय का? गादीसकट घेऊन जा. फुकट."

मावशी क्षणभर बेडकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं दादा. नेते."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी होणाऱ्या बायकोला फोनवर सांगितलं, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडला. रात्री नेहमीपेक्षा शांत झोप लागली. (बेड आधीच गेला होता, खाली चटईवर झोपलो होतो. त्यामुळे ढेकूणही नव्हते.)

पुढच्या आठवड्यात मावशींनी लागोपाठ दोन खाडे केले. नवं घर, पाहुण्यांची ये-जा, लग्नाची गडबड. मी फोनवर जरा तोडूनच बोललो. खाड्याचे पैसे कापले नाहीत, पण "कापले नाहीत" हे ऐकवलं मात्र.

खरी हकीकत कळली ती चार महिन्यांनी. मावशी गावाला गेल्या होत्या म्हणून त्यांची मुलगी बदलीवर आली होती. बारावीला होती. मी सहज विचारलं, "बेड कसा आहे?" तिला वाटलं मला माहीतच असणार, त्यामुळे तिने साधेपणाने सगळं सांगितलं.

त्यांची खोली पर्वतीच्या डोंगरउतारावर, जनता वसाहतीत. टेम्पो रस्त्यापर्यंतच जातो. तिथून वर पायऱ्या आणि बोळ. टेम्पोचे नऊशे आणि वर चढवायला दोन पोरांचे चारशे, असे तेराशे रुपये मावशींनी दिले. आमच्याकडचा त्यांचा तेव्हाचा महिन्याचा पगार होता बावीसशे. बेड दारातून आत जाईना. खोलला, तर सुट्या झालेल्या फळीतले स्क्रू परत बसेनात. शेवटी गादी आत घेतली आणि बेडचे भाग बोळात भिंतीला लावून ठेवले. पाऊस आला, फळ्या फुगल्या. बोळ अडला म्हणून शेजारणीशी भांडण झालं. मग अजून पाचशे रुपये देऊन एका पोराला ते सगळं "कुठंतरी टाकून ये" म्हणून सांगितलं. त्याने ते कालव्याच्या कडेला नेऊन टाकलं.

आणि गादी? गादीने आपलं काम केलं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाच माणसं झोपतात. पंधरा दिवसांत ढेकूण सगळ्या अंथरुणांत, भिंतीच्या भेगांत, देवाच्या फळीमागे. मावशींचे ते दोन खाडे म्हणजे सगळी खोली बाहेर काढून, एकेक चादर उकळत्या पाण्यात घालायला लागलेले दोन दिवस होते.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"आई म्हणाली, त्यांनी चांगल्या मनानं दिलं. कसं सांगायचं?"

अठराशे रुपये. दोन दिवसांची मजुरी, कारण आमच्याशिवाय इतर तीन घरं होती आणि त्यांनी पैसे कापले. शेजारणीशी वाकडं. आणि ढेकूण. हे मी मावशींना "फुकट" दिलं होतं.

तेव्हापासून "देऊन टाकलं" हा शब्द कोणी वापरला की माझं डोकं फिरतं. नीट ऐका तो शब्द. त्यातलं "देऊन" खोटं आहे, खरं आहे ते "टाकलं".

आता थोडं आमच्या धंद्याच्या भाषेत. सी शिकताना पहिल्या सेमिस्टरला सगळे एक चूक करतात. मेमरी घेतात, वापरतात, आणि काम झालं की पॉइंटर नल करून टाकतात. वाटतं, झालं मोकळं. प्रत्यक्षात मेमरी तशीच अडकलेली असते, फक्त तिच्यापर्यंत जायचा रस्ता तुम्ही पुसून टाकलेला असतो. याला मेमरी लीक म्हणतात. कोड लिहिणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मशीन हळूहळू दमतं आणि एक दिवस भलत्याच माणसाच्या शिफ्टमध्ये बसतं. माझा बेड माझ्या घरातून गेला म्हणजे जगातून गेला नव्हता. मला तो दिसायचा बंद झाला, इतकंच.

या विषयावर मित्रांशी बऱ्याचदा वाजलंय. त्यांचे मुद्दे मला पाठ झालेत, तेव्हा एकेक घेऊ.

पहिला मुद्दा: "अरे, पण त्यांना खरंच उपयोग होतो. आपली जुनी वस्तू त्यांच्यासाठी नवीच असते."

होतो ना. कधीकधी खरंच होतो. माझ्या आधीच्या टीममधल्या एकाने चांगलं लोखंडी कपाट वॉचमनच्या गावी पोचतं केलं, ते आजही वापरात आहे. पण फरक बघा. वॉचमनने स्वतः "देणार आहात का?" विचारलं होतं, आणि यांनी ते पोचतं केलं होतं. मावशींना मी विचारलं ते त्यांना गरज होती म्हणून नाही, तर मला घाई होती म्हणून. आणि जिच्या पगाराची चावी माझ्या हातात आहे, तिने मला "नको" म्हणायचं कसं? "नको" म्हटलं तर दिवाळीला बोनस देताना दादांच्या मनात राहील, ही भीती तिच्या जागी मला वाटली नसती का? मॅनेजरने शुक्रवारी सहाला "जरा एक छोटंसं काम होतं, बघशील का?" म्हटलं की आपण काय म्हणतो? "हो, बघतो ना." तेच. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याला दिलेल्या वस्तूला भेट म्हणू नये.

आपल्याकडे एक जुनी पद्धत होती, आणि ती यापेक्षा सरळ होती. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण यायची. आई जुन्या साड्या आणि बाबांच्या पँटी काढायची आणि मग तासभर घासाघीस. "एवढ्या कपड्यांवर नुसतं पातेलं? झाकण तरी घाल." "नाय वो ताई, जरीची असती तर दिलं असतं." बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची आणि सरळ बाजूला टाकायची. हे नको. आईला राग यायचा, पण ती साडी परत कपाटात जायची, नाहीतर तिचं पायपुसणं व्हायचं. म्हणजे नको असलेली वस्तू घरातच राहायची आणि तिचं काय करायचं ते घरानेच बघायचं. त्या व्यवहारात उपकार नव्हते. दोन बायका बरोबरीने भांडत होत्या. आज आपण घासाघीस काढून टाकली, वर उदारपणा चढवला, आणि विरलेली साडी नाकारायचा समोरच्याचा हक्क तेवढा काढून घेतला.

दुसरा मुद्दा: "भंगारवाला नेईल की."

लोखंड नेईल. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ तर आनंदाने नेईल. पण आपलं हल्लीचं "लाकडी" फर्निचर नेणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या बारीक कपच्या आणि भुसा, बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकट रेझिनमध्ये कालवून, उष्णतेने दाबून केलेली फळी. वर लॅमिनेटचा कागद, त्यावर सागवानाच्या रेषांचं चित्र. त्यात स्क्रू एकदाच नीट बसतो. काढून परत लावलात की भोक ढिलं. पाणी लागलं की चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो, आणि परत मूळपदावर येत नाही. सुताराला त्यातून दुसरं काही करता येत नाही. जाळला तर त्यातल्या रेझिनचा आणि लॅमिनेटचा धूर घशात जातो. हिवाळ्यात वॉचमन लोक शेकोटीत घालतात तो हाच माल.

याउलट आजोबांचा सागवानी पलंग आठवा. सागाच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या फारशी वाटेला जात नाही. नवार सैल झाली की ओढून बांधायची, खूर तुटला की सुतार नवा बसवायचा. पुण्यातले वाडे पडले तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि दारं विकत घ्यायला माणसं आली, कारण त्या लाकडाला दुसरा जन्म होता. गोदरेज १९२३ पासून लोखंडी कपाटं बनवतंय. त्यातली आज्जीच्या वेळची कपाटं अजून घरोघर उभी आहेत, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. कापसाची गादीसुद्धा पिंजाऱ्याकडे दिली की त्याच कापसाची नवी होऊन यायची. फोमच्या गादीला कोणता पिंजारी आहे?

म्हणजे पूर्वीचे लोक फार थोर होते असं अजिबात नाही. त्यांच्याकडे पैसे कमी होते, आणि वस्तू दुरुस्त होण्यासारख्या होत्या. आपल्याकडे उलट आहे. अकरा महिन्यांचा करार, दर दोन वर्षांनी घर बदल, आणि तीन बदल्यांत गळून पडणारं फर्निचर. नऊ हजारांना बेड "स्वस्तात" मिळाला म्हणून आपण खूश होतो. त्याला मोडीत काढायचा खर्च त्या नऊ हजारांत धरलेलाच नसतो. तो कोणीतरी नंतर भरतो. माझ्या बेडचा मावशींनी भरला.

तिसरा मुद्दा: "आपण टॅक्स भरतो. महापालिकेने न्यावं."

याच्याशी मी अर्धा सहमत आहे. माझा एक मित्र टोकियोत ऑनसाइट होता. तिथे सोफा टाकायचा तर आधी फोन करून किंवा ऑनलाइन नोंद करायची, तारीख घ्यायची, दुकानातून २०० आणि ३०० येनची स्टिकरं वस्तूच्या हिशोबाने विकत आणायची, सोफ्याला चिकटवायची, आणि ठरलेल्या सकाळी ठरलेल्या जागी ठेवायचा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांना तेही चालत नाही. त्यांच्यासाठी २००१ पासून वेगळा कायदा लागू आहे आणि रीसायकलचे पैसे वापरणाऱ्यानेच भरायचे. मित्र सांगत होता, परत यायच्या वेळी घर रिकामं करताना या स्टिकरांचाच एवढा खर्च झाला की त्यानंतर काही घेताना "हे टाकायला किती पडेल?" हा प्रश्न आपोआप मनात यायला लागला. मला त्या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त आवडलं. अशी सोय आपल्याकडे वॉर्डावॉर्डात, घरबसल्या, ठरलेल्या दराने हवी, आणि त्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागायला मी तयार आहे.

पण उरलेल्या अर्ध्याचं काय? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं की कचरा करणाऱ्याने तो रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. जबाबदारी करणाऱ्याची. पुण्यात आपला रोजचा कचरा दारातून नेतात त्या बहुतेक "स्वच्छ" या सहकारी संस्थेच्या बायका. कचरावेचकांची जी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, तिच्यातून ही संस्था आली. त्यांच्याकडे असते एक ढकलगाडी. तिच्यात ओला आणि सुका कचरा बसतो. साडेसहा फुटांची गादी नाही बसत. तरी आपण ती डब्याशेजारी उभी करून ठेवतो आणि सकाळी ती तिथेच दिसली की "हल्ली कचरेवाले नीट काम करत नाहीत" म्हणतो.

मग कोणीतरी रात्री ती गादी उचलतं आणि नेऊन टाकतं ओढ्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्याने बघितलं की ओढा त्याची जागा परत मागतो तेव्हा काय होतं. तो पूर सोफ्यांमुळे आला असं मी म्हणत नाही, त्याची कारणं बरीच मोठी होती. पण पुलाखालच्या मोरीत एक गादी अडकली की तिच्यामागे काय काय अडकत जातं ते समजायला सिव्हिल इंजिनिअर व्हायची गरज नाही. आणि ओढ्याच्या काठावर सहसा गादी टाकणाऱ्याचं घर नसतं.

चौथा मुद्दा माझ्या आईचा आहे: "टाकायचं कशाला? असू दे, लागेल कधीतरी."

आईशी वाद घालत नाही. :) तिच्या माळ्यावर १९९० च्या दशकातला टीव्हीचा ट्रॉली स्टँड आहे, टीव्ही जाऊन जमाना झाला तरी. पण एक सांगतो, तिच्या माळ्यामुळे आजवर कोणाच्या घरी ढेकूण झालेले नाहीत.

बरं, नुसती टीका करणं सोपं आहे, मग करायचं काय? मी गेली तीन वर्षं जे करतो ते सांगतो. फार थोर नाही. पैसे लागतात आणि अर्धा रविवार जातो.

एक. वस्तू कोणाला देण्याआधी पोचवायचा खर्च माझा. टेम्पो, हमाल, सुतार, सगळं. तेवढे पैसे खर्च करण्याइतकी ती वस्तू मला चांगली वाटत नसेल, तर ती द्यायच्या लायकीची नाही. या एका चाळणीत निम्मं दान गळून पडतं.

दोन. ओळखीतल्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाला "घेऊन जा" म्हणायचं नाही. "मी हे काढतोय, कोणाला हवं असेल तर सांगा, नसेल तर मी माझं बघतो" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आठ दिवस. दोन तास नाही. म्हणजे घर सोडायच्या आदल्या दिवशी जागं होऊन चालत नाही.

तीन. मापं सांगायची. लांबी, रुंदी, उंची. आणि खोट. पाय हलतो तर हलतो. ढेकूण आहेत तर ती वस्तू कोणालाच द्यायची नाही, संपलं. ढेकूण लाकडाच्या सांध्यात न खातापिता कित्येक महिने तग धरतात. "स्प्रे मारलाय" याला अर्थ नाही. अशी गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची, वर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि पैसे देऊन कचऱ्यातच पाठवायची.

चार. चालू वस्तू असेल तर किंमत लावायची, भले तीनशे रुपये. पैसे देणारा माणूस वस्तू उलटीसुलटी करून बघतो आणि नको असेल तर नको म्हणतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हेच चालतं, आणि तिथे कोणी कोणावर उपकार करत नाही.

पाच. उरला तो कचरा. त्याला कचरा म्हणायचं. "स्वच्छ"च्या "व्ही कलेक्ट" नावाच्या मोहिमा होतात, त्यात जुनं फर्निचर, कपडे, इलेक्ट्रॉनिक वस्तू घेतात. त्यांची तारीख बघायची. नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात फोन करायचा. सोसायटीने तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांचं मिळून एक वाहन ठरवलं तर घरटी खर्च एका पिझ्झापेक्षा कमी येतो.

सहा. आणि पुढचा बेड घेताना विचारायचं, हा तीनदा खोलून जोडता येईल का? उत्तर नाही आलं तर तो बेड नाही, तीन वर्षांनंतरचा कचरा आहे, आणि आपण तो हप्त्यावर घेतोय.

मावशींचं काय झालं? मुलीकडून कळल्यावर मी त्यांना पैसे द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. "जाऊ द्या हो दादा, झालं ते झालं." पुष्कळ आग्रह केल्यावर मुलीच्या फीमध्ये वळते करू दिले. मी माफी मागितली तेव्हा त्या इतक्या अवघडल्या की मलाच विषय बदलावा लागला. यात "आणि मग मला हलकं वाटलं" असा शेवट नाही. अजूनही त्या आमच्याकडे येतात. मागच्या महिन्यात मी जुनं ऑफिस टेबल काढत होतो. या वेळी काही बोललो नाही, नुसता टेप घेऊन मापं लिहीत होतो. मावशी लादी पुसता पुसता थांबल्या. म्हणाल्या, "दादा, ते टेबल नको बरं का आपल्याला."

काय आनंद झाला म्हणून सांगू! तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला "नको" म्हटलं.

आता तो सोफा. हे सगळं लिहायच्या आधी, आज सकाळी, मी ग्रुपवर लिहिलं: "खालचा सोफा भिजून कुजलाय. तो उचलून नेण्याचा खर्च ज्यांचा सोफा होता त्यांनी द्यावा ही विनंती. गाडी मी ठरवतो."

दोन तासांनी उत्तर आलं: "आम्ही तो ऑलरेडी डोनेट केलेला आहे."

त्याच्याखाली पाच जणांनी हात जोडलेत.